फायबरग्लास बोटीच्या खिडक्या बदलणे

फायबरग्लास बोटीच्या खिडक्या बदलणे म्हणजे काचतंतू आणि रेझिन यांपासून बनवलेल्या बोटीच्या केबिनमधील जुनी, तडकलेली, धुरकट झालेली किंवा गळू लागलेली तावदाने काढून त्यांच्या जागी नवी तावदाने जलरोधक रीतीने बसवण्याचे दुरुस्तीकाम होय. घराच्या खिडकीची काच बदलण्यापेक्षा हे काम बरेच वेगळे आहे. बोटीची खिडकी लाटेचा मारा, सांगाड्याची पिळवटणूक, इंजिनाची थरथर आणि उन्हाने होणारे प्रसरण एकाच वेळी सोसत असते. शिवाय बोटीत शिरलेले पाणी केवळ भिंत ओली करून थांबत नाही. ते बोटीचा सांगाडा आतून कुजवते आणि वादळात एखादे तावदान निखळले तर बोट बुडवूही शकते.

'गवाक्ष' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ बैलाचा डोळा असा आहे. फ्रेंच भाषेतही लहान गोल खिडकीला बैलाचा डोळाच म्हणतात. जहाजाच्या कुशीवरील गोल खिडकीला हे नाव नेमके शोभते. मात्र कोकणातील बंदरांवर 'काच' हाच शब्द चालतो, मग ते तावदान प्रत्यक्षात प्लॅस्टिकचे का असेना.

== पेण, रोहे आणि खाडीकाठ ==

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहे हे दोन्ही तालुके समुद्राशी खाड्यांमार्फत जोडलेले आहेत. पेण तालुक्याच्या पश्चिमेला अंबा नदीची धरमतर खाडी आहे. रोहे शहर कुंडलिका नदीच्या काठी वसले असून ही नदी रेवदंडा आणि कोर्लई यांच्या दरम्यान अरबी समुद्राला मिळते. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ नुसार हे दोन्ही प्रवाह राष्ट्रीय जलमार्ग आहेत : नागोठण्यापर्यंतची अंबा नदी हा जलमार्ग क्रमांक १० (सुमारे ४५ किमी) आणि रोह्यापर्यंतची रेवदंडा खाडी–कुंडलिका नदी हा क्रमांक ८५ (सुमारे ३१ किमी).

या खाड्यांतून मालवाहतूक करणाऱ्या बार्ज पोलादी असतात आणि त्यांच्या खिडक्यांचे शास्त्र निराळे आहे. फायबरग्लासच्या, म्हणजे बोलीत 'फायबरच्या', बोटी मुख्यतः मासेमारी, प्रवासी वाहतूक, गस्त आणि पर्यटन यांसाठी वापरल्या जातात. लहान मासेमारी होड्या उघड्याच असतात, त्यांना खिडकी नसते. खिडक्यांचा प्रश्न येतो तो मोठ्या मासेमारी बोटींच्या केबिनमध्ये, गेटवे ते मांडवा यांसारख्या मार्गांवरील बंदिस्त प्रवासी बोटींत आणि वेगवान स्पीडबोटींत. किनाऱ्यावर आणखी एक प्रकार सर्रास आढळतो, तो म्हणजे वरून फायबरचा लेप दिलेल्या लाकडी बोटी. अशा बोटीत खिडकीची कड वरून फायबरची दिसली तरी आत लाकूड असते, आणि दुरुस्तीचा निर्णय त्या लाकडाच्या प्रकृतीवर ठरतो.

पावसाळ्यातील समुद्र या किनाऱ्याला परका नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. धरमतर खाडीच्या मुखाशी असलेले रेवस हेच त्या प्रवासाचे इच्छित स्थळ होते. त्या दुर्घटनेचा खिडक्यांशी संबंध नव्हता. पण बोटीत पाणी किती वेगाने भरू शकते, याचा विचार करताना या परिसरात ती आठवल्यावाचून राहत नाही.

हा वेग साध्या गणिताने काढता येतो. ६० सेमी लांब आणि ३० सेमी उंच तावदान निखळले आणि बोट कलंडून त्या भोकाचा मध्य पाण्याखाली केवळ २५ सेमी गेला, तर सेकंदाला दोनशे लिटरहून अधिक पाणी आत येते. हातपंप तर सोडाच, लहान बोटीवरील विजेचा पंपही त्यापुढे टिकत नाही. उलट बाजूने पाहिल्यास, याच तावदानावर एक मीटर पाण्याएवढा दाब आला तर एकूण भार सुमारे १८० किलोग्रॅम होतो. दोन-तीन धडधाकट माणसे काचेवर उभी राहावीत, तसाच हा प्रकार आहे.

== खिडक्या बसवण्याच्या पद्धती ==

जुन्या बोटींत प्रामुख्याने तीन पद्धती दिसतात. पहिली रबरी पट्टीची. एसटीच्या जुन्या गाड्यांच्या पुढील काचेभोवती जे जाड काळे रबर दिसते, तसेच हे असते : एका खाचेत फायबरची कड, दुसऱ्या खाचेत काच, आणि रबर ताणून घट्ट बसावे म्हणून वरून दाबलेली एक बारीक पट्टी. हे रबर उन्हाने कडक होऊन चिरते. मोठ्या लाटेचा तडाखा बसल्यावर संपूर्ण काच रबरासह आत ढकलली जाण्याचा धोका या पद्धतीत सर्वाधिक असतो, म्हणून खुल्या समुद्रात जाणाऱ्या बोटीसाठी ती योग्य मानली जात नाही.

दुसरी पद्धत ॲल्युमिनियमच्या चौकटीची. बाहेरची व आतली अशा दोन चौकटी स्क्रूने एकमेकींकडे ओढून घेतल्या जातात आणि मध्ये फायबरची कड चेपली जाते. ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्क्रू असतील तर खाऱ्या पाण्यात विद्युत-रासायनिक गंज लागतो. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसू लागणे ही त्याची खूण. तिसऱ्या पद्धतीत चौकट नसतेच. भोकापेक्षा मोठे कापलेले ॲक्रिलिकचे तावदान केबिनच्या बाह्य पृष्ठावर बोल्टने किंवा नुसत्या सीलंटने बसवतात. दिसायला ही सर्वांत सुबक, आणि निष्काळजीपणाला सर्वांत कमी माफ करणारी.

== गळती आणि गाभ्याची कूज ==

खिडकी गळते तेव्हा मालक बहुधा बाहेरून सिलिकॉनचा एक जाड थर फिरवतो. गळती काही महिने थांबल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात पाणी वेगळ्याच वाटेने आत शिरत राहते आणि आता बाहेर पडण्याची त्याची वाट मात्र बंद झालेली असते. या एका सवयीने जेवढ्या केबिन खराब झाल्या असतील, तेवढ्या लाटांनीही झाल्या नसतील.

हे समजण्यासाठी भिंतीची रचना पाहावी लागते. अनेक बोटींच्या केबिनच्या भिंती आणि छत सलग फायबरचे नसतात. बाहेर व आत फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये प्लायवूड, बाल्सा नावाचे हलके लाकूड किंवा फोम, अशी ती त्रिस्तरीय रचना असते. या मधल्या थराला गाभा म्हणतात. त्यामुळे वजन कमी राहून ताठपणा मिळतो. पण खिडकीसाठी भोक कापले की गाभ्याची कड उघडी पडते; प्रत्येक स्क्रूचे छिद्रही गाभ्यात जाते. बांधणीच्या वेळी ही कड रेझिनने बंद केलेली नसेल, तर पहिल्या गळतीबरोबर लाकूड पाणी पिऊ लागते. काही वर्षांत गाभ्याचा काळा, ओला भुगा होतो, आणि दोन थर एकमेकांपासून सुटतात. बाहेरून जेलकोट चकचकीतच असतो.

निदानाची जुनी पद्धत म्हणजे वाजवून पाहणे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने खिडकीभोवती हलके ठोकत गेल्यास निरोगी भाग खणखणीत वाजतो आणि कुजलेला भाग बद्द वाजतो. जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलीने खूण करतात. सर्व खुणा जोडल्या की बाधित भागाचा नकाशाच तयार होतो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे, कारण पाणी तिथेच साचते.

बाधा कडेपुरती असेल तर सुटा झालेला गाभा दोन थरांमधून कोरून काढतात, पोकळी पूर्ण कोरडी करतात आणि भुकटी मिसळून घट्ट केलेले इपॉक्सी रेझिन तिच्यात भरतात. बाधा हातभर पसरलेली असेल तर आतील थर कापून गाभाच नवा घालावा लागतो. ते काम खिडकी बदलण्यापेक्षा मोठे असते आणि खर्चाचा खरा अंदाज इथेच ठरतो. म्हणून जुनी खिडकी काढून गाभा पाहिल्याशिवाय दुरुस्तीची रक्कम ठामपणे सांगणारा कारागीर आणि ती मागणारा मालक, दोघेही घाई करत असतात.

== तावदानाचे द्रव्य ==

तावदानासाठी मुख्यतः ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट आणि टफन्ड काच ही तीन द्रव्ये वापरली जातात. ॲक्रिलिकचा वापर १९३० च्या दशकात सुरू झाला. ते काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचे, पारदर्शक आणि ऊन चांगले सोसणारे असते. त्याचे ओतीव आणि दाबून काढलेले असे दोन प्रकार बाजारात मिळतात. बोटीसाठी ओतीव प्रकार घ्यावा, कारण त्याला ताणामुळे बारीक चिरा कमी पडतात. पॉलिकार्बोनेट आघात सोसण्यात ॲक्रिलिकच्या कितीतरी पुढे आहे, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि अतिनील किरणांपासून संरक्षक लेप नसेल तर ते पिवळे पडते. सुकाणूसमोरच्या खिडकीवर वायपर फिरत असेल तर दोन्ही प्लॅस्टिके निकामी ठरतात. तिथे टफन्ड किंवा थर चिकटवलेली काच लागते. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता किंवा भोक पाडता येत नाही, त्यामुळे माप अचूक देऊनच ती बनवून घ्यावी लागते.

जाडीच्या बाबतीत काटकसर घातक असते. सपाट तावदान दाबाखाली किती वाकेल, हे जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात ठरते. जाडी दुप्पट केली की वाकणे एक-अष्टमांश होते. लहान खिडक्यांना ६ मिमी आणि मोठ्यांना १० ते १२ मिमी ही जाडी सामान्यतः आढळते. खिडकीचे आकारमान, तिची बोटीवरील जागा आणि बोट कोणत्या पाण्यात फिरणार यांवरून जाडी व बळकटी ठरवण्याची रीत 'आयएसओ १२२१६' या आंतरराष्ट्रीय मानकात दिली आहे.

प्रसरणाचा प्रश्न कोकणात विशेष महत्त्वाचा. एक मीटर लांबीचे ॲक्रिलिक ३० अंश सेल्सिअसच्या तापमानवाढीने सुमारे २ मिमी वाढते. तेवढ्याच लांबीचे फायबरग्लास एक मिमीदेखील वाढत नाही. म्हणजे सकाळच्या गारव्यात आणि मे महिन्यातील दुपारी तावदान व भिंत यांच्यात एक मिमीहून अधिक फरक पडतो. गडद रंगाचे तावदान अधिक तापते आणि हा फरक आणखी वाढतो. ही हालचाल रोज होते. बोल्टचे छिद्र बोल्टच्या नेमक्या मापाचे ठेवले, तर तावदानाला सरकायला जागा राहत नाही आणि छिद्रापासून कडेकडे चीर धावते.

== सीलंट ==

सीलंटचे दोन हेतू वेगळे ओळखले पाहिजेत : पाणी अडवणे आणि तावदान धरून ठेवणे. बोल्टने धरलेल्या तावदानाला केवळ पहिला हेतू पुरतो. तिथे ब्यूटिलची चिकट पट्टी उत्तम काम देते. ती कधीच कडक होत नाही, हालचालीबरोबर ताणली जाते आणि पुढे काढायलाही सोपी जाते. बोल्ट नसलेल्या तावदानासाठी इमारतींच्या काचेरी दर्शनी भागांसाठी वापरतात तसे बळकट, उदासीन प्रकारचे सिलिकॉन लागते.

दुकानात सहज मिळणारे, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन स्नानगृहासाठी ठीक. त्यातून सुटणारे आम्ल धातूला गंजवते. पॉलिसल्फाइड सीलंट ॲक्रिलिक व पॉलिकार्बोनेट या दोहोंना अपाय करते. पॉलियुरेथेन प्रायमरशिवाय ॲक्रिलिकला नीट धरत नाही आणि पारदर्शक कडेतून येणाऱ्या उन्हाने त्याची पकड सुटते. म्हणून चिकटणाऱ्या कडेवर मागून काळा पट्टा रंगवण्याची प्रथा आहे. मोटारीच्या काचेभोवती जी काळी किनार दिसते तिचे प्रयोजनही हेच.

== कामाचा क्रम ==

प्रथम आतील स्क्रू व चौकट काढून जुना सीलंट पातळ पत्तीने कापला जातो. पहारीने किंवा पकडीने खेचल्यास जेलकोटचे टवके उडतात. निघालेले जुने तावदान टाकून देऊ नये. कडा शाबूत असतील तर तेच नव्याचा साचा होते. ते वाकले किंवा तुटले असेल तर भोकावर जाड पुठ्ठा धरून नवा साचा काढावा लागतो. पेणच्या गणपती कारखान्यांमुळे साच्याचे महत्त्व या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. डाव्या आणि उजव्या बाजूच्या खिडक्या सारख्या दिसल्या तरी हाताने बांधलेल्या बोटीत त्या क्वचितच तंतोतंत जुळतात, म्हणून प्रत्येक भोकाचा साचा वेगळा काढून त्यावर बाजू व वरची दिशा लिहितात.

त्यानंतर जुन्या सिलिकॉनचा शेवटचा अंश काढणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत निर्णायक काम येते. सिलिकॉनचा अदृश्य थरही राहिला तर त्यावर रेझिन, लांबी, रंग यांपैकी काहीच धरत नाही. आधी खरवडणे, मग द्रावकाने पुसणे, आणि शेवटी पॉलिश पेपरने घासणे हा क्रम पाळावा लागतो. आधी घासले तर सिलिकॉन खोल रुतते. फायबरवर ॲसिटोन चालते. ॲक्रिलिकवर मात्र ॲसिटोन किंवा थिनरचा थेंबही पडता कामा नये, अन्यथा कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पसरतात. ते सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावे.

जुनी छिद्रे इपॉक्सीने बुजवून नवी पाडतात. ६ मिमीच्या बोल्टसाठी तावदानात ८ ते ९ मिमीचे छिद्र ठेवतात, आणि त्याचे कडेपासूनचे अंतर छिद्राच्या व्यासाच्या किमान दुप्पट असते. प्लॅस्टिकच्या तावदानासाठी खोलगट डोक्याचे स्क्रू वापरू नयेत. ते पाचरीसारखे काम करून तावदान फाडतात. सपाट डोक्याचा बोल्ट, त्याखाली रुंद वायसर आणि मऊ पॅकिंग हा योग्य मार्ग. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, ३०४ प्रत खाऱ्या पाण्यात डागाळते.

सीलंट लावण्यापूर्वी तावदान एकदा कोरडेच बसवून पाहतात. भोक व तावदान या दोहोंच्या कडांना मास्किंग टेप लावून ठेवली तर पुढची साफसफाई निम्म्याने वाचते. सीलंटचा थर अखंड फिरवून तावदान ठेवल्यावर बोल्ट हाताने, समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळतात. बहुतेक चुका याच क्षणी होतात : घट्ट म्हणजे चांगले, या समजुतीने सगळे सीलंट पिळून बाहेर काढले जाते आणि उरलेला कागदाएवढा थर पहिल्याच उन्हाळ्यात फाटतो. २ ते ३ मिमी जाडीचा थर राहावा म्हणून मध्ये लहान रबरी तुकडे ठेवतात. सीलंट सुकल्यावर बोल्ट पुन्हा आवळण्याची जुनी सवय सोडलेली बरी, कारण त्यामुळे जमलेली पकड मोडते. काही दिवसांनी पाण्याच्या नळीने खालून वर अशी चाचणी घेतात. आधीच वरून पाणी सोडले तर गळती नेमकी कुठे आहे, हे कळत नाही.

== हंगामाची अडचण ==

कोकणातील बोटीवाल्यांना मोकळा वेळ मिळतो तो पावसाळ्यात. जूनच्या प्रारंभापासून मासेमारीला बंदी असते, गेटवे–मांडवा मार्गावरील लाँचही बंद राहतात आणि बोटी उधाणाच्या भरतीला ओढून काठावर घेतलेल्या असतात. दुरुस्तीचे वेळापत्रक साहजिकच या महिन्यांत बसवले जाते. परंतु वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात ओला गाभा जुलैत वाळणे जवळपास अशक्य आहे. ओल्या गाभ्यावर इपॉक्सी भरले तर कूज आतच कोंडली जाते. पॉलिएस्टर रेझिनचे जमणेही दमट हवेत बिघडते. पॉलियुरेथेन सीलंटला घट्ट होण्यासाठी हवेतील बाष्प लागते खरे. पण पृष्ठभाग ओला असेल तर त्यात बुडबुडे येतात.

उपाय म्हणजे कामाची विभागणी. एप्रिल-मेमध्ये, धंदा चालू असतानाही, बद्द वाजणाऱ्या खिडक्या काढून गाभा उघडा करावा, तो उन्हात वाळवावा आणि इपॉक्सीने बंद करून तात्पुरते प्लायवूड बसवावे. मोजमाप, साचे आणि तावदान कापणे पावसात छपराखाली करावे. अंतिम बसवणी उघडीप पाहून, ताडपत्रीच्या आडोशाला करावी. यात काही फेऱ्यांचे उत्पन्न बुडते, म्हणून मालक कचरतात. कुजलेल्या छताचा खर्च त्याहून मोठा असतो, हे त्यांना माहीत नसते असे नाही. पण तो खर्च पुढच्या वर्षीचा असतो.

== कामगारांची सुरक्षितता ==

फायबरग्लास कापताना उडणारी काचतंतूंची धूळ त्वचा, डोळे आणि फुप्फुसांना इजा करते. तोंडावर रुमाल बांधणे हे संरक्षण नव्हे, योग्य मास्क व चष्मा लागतो. पॉलिएस्टर रेझिनसोबत येणारा हार्डनर डोळ्यात उडाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. हा हार्डनर आणि कोबाल्ट प्रवेगक एकमेकांत थेट मिसळल्यास स्फोट होतो. प्रवेगक आधी रेझिनमध्ये नीट ढवळून मगच हार्डनर घालावा, आणि दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. घासकामाची धूळ व जुन्या रबराचे तुकडे ओहोटीच्या चिखलात ढकलून देण्याची पद्धत आहे. ते पुढच्या भरतीबरोबर कांदळवनात जाऊन अडकतात. खाली ताडपत्री अंथरून कचरा गोळा करणे याला फारसे श्रम लागत नाहीत.

== नियम ==

महाराष्ट्रातील लहान बंदरे आणि प्रवासी जलवाहतूक यांचे नियमन १९९६ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ करते. अंतर्देशीय जलयानांना १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो. जुन्या मापाचे तावदान त्याच जागी बसवणे ही दुरुस्ती ठरते. मात्र भोक मोठे करणे, नवी खिडकी पाडणे किंवा उघडणारी खिडकी कायमची बंद करणे हा रचनेतील बदल असून त्यासाठी आधी संबंधित प्राधिकाऱ्याची मान्यता घेणे आवश्यक असते. वातानुकूलनासाठी उघडत्या खिडक्या बंद करून सलग तावदान बसवण्याचा मोह प्रवासी बोटींत विशेष असतो. संकटाच्या वेळी बाहेर पडण्याची वाट त्या खिडकीतून ठरलेली असेल, तर तिच्या बदल्यात तेवढीच मोठी दुसरी वाट आणि ती प्रवाशांना दिसेल अशी खूण असल्याशिवाय असा बदल करू नये.